माटोळीच्या दोन तुळया

बाळांनो,

मागच्या रविवारी तुम्ही मला फोनवर आपले घर आकाशातून दाखवलेत. आधी पेडण्याचा बाजार दिसला, मग देवळाचे तळे, मग रस्त्याच्या वळणावर आपली करडी गच्ची आणि तिच्या कडेला कौलांचा एक लाल चौकोन, जुन्या कपड्याला ठिगळ लावावे तसा. धाकटीने विचारले, "आजी, तिथे सिमेंट संपले होते का?" तुमचा बाबा हसला आणि म्हणाला, ते आजीलाच विचारा.

तेव्हा विचारलेत ते बरे झाले. ज्यांच्यामुळे तो चौकोन राहिला ते थोरले आजोबा आता नाहीत. तुमच्या आजोबांना ही गोष्ट आठवते, पण दर वेळी थोडी निराळी आठवते, आणि अलीकडे तर स्वतःला त्यांनी त्यात बरेच शूर केले आहे. तुमच्या बाबाने सारे पाहिले ते कॅनडातून, फोनच्या पडद्यावर. म्हणून मीच लिहून ठेवते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवले तरी हे मराठीत लिहिते, कारण यातले कोणीच इंग्रजीत बोलले नव्हते. आईकडून वाचून घ्या आणि अडेल ते मला विचारा.

मी या घरात आले ती आमोण्याहून. माझ्या माहेरच्या मागच्या दारी मांडवी होती. भरतीच्या वेळी पाणी बांधाला लागले की स्वयंपाकघरात त्याचा वास यायचा. इथे नदी नव्हती, काजू होते. मार्च उजाडला की साऱ्या गावाला पिकल्या बोंडांचा तो गोड, आंबूस वास यायचा आणि पहिल्या वर्षी माझे डोके दुखायचे. पुढे सवय झाली. नंतर नोकरीमुळे आम्ही पणजीला राहिलो तेव्हा मार्चमध्ये मला चुकल्याचुकल्यासारखे वाटायचे, ते त्या वासाशिवाय.

घर मातीच्या जाड भिंतींचे. पुढे सोपा, त्याला दोन्ही बाजूंना बसायला बांधलेले कठडे. तिन्हीसांजेला तिथे गावातले कोणी ना कोणी टेकलेले असायचे. जनेलांचे, म्हणजे खिडक्यांचे, उंबरठे इतके रुंद की तुमचा बाबा त्यावर मांडी घालून अभ्यास करायचा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा आणि सासूबाई सोप्यावरूनच ओरडून किती पाव हवेत ते सांगायच्या. त्या पावाला खरपूस भाजलेली कड असे. स्वयंपाकघराच्या तुळया धुराने इतक्या काळ्या झालेल्या की त्यांना वाळवी लागायची नाही. धूर गेला, गॅस आला, आणि तिथूनच वाळवी शिरली, असे तुमचे आजोबा म्हणतात. यात मात्र ते दर वेळी तेच म्हणतात.

आणि सोप्याला लागून चवथीची, म्हणजे गणपती बसवायची, खोली. बाकीचे वर्षभर तिला विशेष काम नसे. भाताच्या कणग्या, सासूबाईंचा पाट आणि वर टांगलेली माटोळीची चौकट.

माटोळी तुम्ही फोटोत पाहिली आहे, पण ती आहे काय ते सांगते. गणपतीच्या डोक्यावर, छपराच्या तुळयांना पोफळीच्या पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला रानातले नि बागेतले जे जे त्या दिवसांत पिकते ते बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, चिबूड, आंबाडे, तोरंजन, लालभडक कवंडळ, हरणाची पिवळी फुले. विसर्जन झाले की फळे उतरवतात, चौकट उतरवत नाहीत. ती तशीच टांगलेली राहते. पुढल्या चवथीच्या आदल्या दिवशी जो बांधणारा असेल तो येतो, जुन्या दोऱ्या सोडतो आणि नव्या बांधतो. सुरी लावायची नाही, गाठ हातानेच सोडायची. आणि दुसऱ्या कोणी सोडायची नाही.

आपल्या घरचे बांधणारे म्हणजे भावोजी, तुमचे थोरले आजोबा, तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ. तरुणपणी ते डिचोली भागात खाणीवर कामाला लागले, मुळगावला घर बांधले, तिथलेच झाले. वाटणीत काजूची बाग त्यांच्याकडे गेली आणि हे घर आमच्याकडे आले. तंटा काही झाला नाही. पण गणपती एकच राहिला, याच घरात. चवथीच्या आदल्या दिवशी भावोजी मुळगावहून यायचे, शर्ट काढून खुंटीला अडकवायचे, चहा घ्यायचे आणि स्टुलावर चढायचे. मग दिवसभर खालून आम्ही एकेक फळ द्यायचे आणि वरून बोलणी खायची. "ह्यां चिबूड की काय गो? म्हाताऱ्याचा डोक्या दिसता." जाऊबाई खालून म्हणायच्या, "तुमचाच असतला, नीट बघा." या दोघांचे हे दर वर्षीचे होते आणि आम्ही दर वर्षी हसायचो.

आता घराच्या कामाकडे येते.

सेवानिवृत्त होऊन आम्ही इथे परतलो तेव्हा छप्पर आमच्याच वयाचे वाटत होते. माकडांनी कौले फोडायची आणि आम्ही बदलायची. पूर्वी पावसाआधी कौले परतून देणारी माणसे गावात होती. ती म्हातारी झाली, त्यांची मुले गोव्याबाहेर गेली. एका पावसाळ्यात निजायच्या खोलीत आम्ही पलंग ओढत ओढत कोरडी जागा शोधायला लागलो. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, आता स्लॅब घाल आणि मोकळी हो." मला पटले. मी कामाला लागले.

व्यवस्थित काम करणे हा माझा स्वभाव. म्हापशाचा एक कंत्राटदार पाहिला. त्याने आधी बांधलेली घरे स्वतः जाऊन बघितली, त्या घरांतल्या बायकांना पावसात काय होते ते विचारले. शिगमा झाला की छप्पर उतरवायचे, मेअखेर स्लॅब पडायला हवी, पावसात आतले प्लास्टर आणि चवथीला घर तयार, असे ठरवले. देवळात जाऊन प्रसाद घेतला. तुम्हाला हे ठाऊक नसेल. भटजी मूर्तीला पाण्याने कळ्या चिकटवतात, आपण मनातले विचारायचे. उजवी कळी आधी पडली तर होकार. उजवी पडली. मग घरातले देव पूजा करून मागच्या पडवीत हलवले. भटजींनी तुळशीलाही सांगायला लावले की आता धूळ उडेल, रागावू नको. आम्ही दोघेही पडवीत राहायला गेलो. एका बाजूला देव, एका बाजूला गॅस आणि मधे आमची खाट.

काम करणारी माणसे सिंधुदुर्गातली होती, सावंतवाडीकडची. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, बोलायला गोड. कौले उतरायला लागली तसे घर आतून उजळत गेले. इतकी वर्षे जिथे दिवसाही दिवा लावत होतो तिथे ऊन पडले आणि भिंतीवर सासूबाईंच्या हाताचे, हळदीकुंकवाचे जुने ठसे दिसायला लागले. मी पदराने पुसायला गेले नि थांबले. फोटो काढून ठेवले. तुमच्या बाबाला पाठवले, तर त्याने फक्त "हो, हे आठवते" एवढेच लिहिले.

चवथीची खोली शेवटी उघडली. कौले गेली, रिपा गेल्या, वासे गेले. आणि मुकादम खाली उतरून माझ्याकडे आला. म्हणाला, बाई, मधल्या दोन तुळयांना माटवी टांगलेली आहे, ती तुम्ही सोडून घ्या, मग तुळया काढतो. त्यांच्याकडे माटोळीला माटवी म्हणतात. मी म्हटले, तुम्हीच सोडा, कामाची माणसे आहात. तो हात मागे घेऊन उभा राहिला.

"नाय बाई. आमच्याकडे पण आसता ती. जो बांधता, तोच सोडता."

मी तुमच्या आजोबांकडे पाहिले. त्यांनी वर पाहिले आणि मान हलवली. घरातला प्रत्येक पाट, प्रत्येक कणगी, प्रत्येक देव आम्ही हलवला होता. ही चौकट रोज डोक्यावर होती म्हणून कोणाच्या डोळ्यांनाच दिसली नव्हती. आणि तिच्याबरोबर तिचा बांधणाराही.

तुमच्या आजोबांनी भावोजींना फोन लावला. छप्पर दुरुस्त होणार हे त्यांना माहीत होते. त्यांची समजूत अशी होती की कौले बदलतील. स्लॅबचे त्यांना पेडण्याच्या बाजारात कोणा तिऱ्हाइताने सांगितले होते, तेही दोन दिवस आधी. फोनमधून त्यांचा आवाज मला पडवीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

"देवाक इचारलास, भटाक इचारलास, तुळशीकसुद्धा इचारलास. आणि माका?"

मग मी फोन घेतला आणि चांगल्या मास्तरणीसारखे समजावले, की स्लॅबमध्ये लोखंडी हुक ठेवायला सांगितले आहेत, माटोळी पहिल्यापेक्षा भक्कम टांगता येईल. भावोजींनी आवाज खाली आणला, आणि ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटले. म्हणाले, "हुकांक माटोळी? ती काय कपडे सुकत घालूची दोरी?" आणि मग सांगितले, की तुमच्या घराचे तुम्ही बघा, यंदापासून आमचा गणपती आम्ही मुळगावला पुजू.

बाळांनो, हे तुम्हाला तिकडे साधे वाटेल. दोन घरे, दोन गणपती, त्यात काय? पण आमच्याकडे जमीन वाटली, भांडी वाटली, विहिरीचे पाणीसुद्धा वाटले तरी गणपती वाटला की कुटुंब फुटले असे धरतात. एकदा वेगळा पुजला की तो परत एकत्र येत नाही. चवथीला या घरात पन्नास पाने उठायची. त्यातली निम्मी उठणार नव्हती, आणि पुढे कधीच नाही. तुमचे आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

काम थांबले. म्हणजे बाकीच्या घराचे चालू राहिले, पण त्या खोलीवर आभाळाखाली दोन तुळया आणि त्यांना टांगलेली चौकट, एवढेच. मुकादमाने वर निळे प्लास्टिक ताणले, ते वाऱ्याने फडफडायचे. शेजारीण बघायला आली. मोपाचा विमानतळ तेव्हा झाला नव्हता, तरी एखादे विमान डोक्यावरून जायचे. तिने वर बघितले आणि म्हणाली, "बरां केलास गो. आता विमानातल्यांकसुद्धा तुमची माटोळी दिसता." मी हसले, पण घरात जाऊन दार लावले.

कंत्राटदार रोज तारखेची आठवण करून देई. तुमचा बाबा म्हणाला, "आई, एका खोलीसाठी सगळे घर अडवून ठेवायचे का?" त्याचे चुकत नव्हते. त्याला पावसात ओढलेला पलंग दिसत होता. मला दुसरेही दिसत होते.

शेवटी आम्ही दोघे मुळगावला गेलो. डिचोलीपर्यंत बस, पुढे रिक्षा. रस्त्याच्या कडेची झाडे पूर्वी खाणीच्या मातीने तांबडी असायची, ती आता पुष्कळशी हिरवी झाली होती. भावोजी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते. आम्हाला पाहून या म्हणाले नाहीत आणि जा असेही म्हणाले नाहीत. जाऊबाईंनी खुर्च्या मांडल्या, कोकमाचे सरबत आणले आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, काल रात्री यांनी माळ्यावरून मापे घेण्याची दोरी काढली, इथल्या छपराला चौकट बसते का बघत होते. बसत नाही, छप्पर ठेंगणे, उतरणीचे आहे. तेव्हापासून कोणाशी बोलत नाहीत.

मी ठरवून गेले होते काय काय बोलायचे ते. इंजिनिअर काय म्हणतो, वाळवी कुठवर गेली आहे, तुळया किती जुन्या. यातले थोडे बोललेही. ते ऐकून घेत बिया पसरत राहिले. मग हात झाडून उठले.

"घर तुमचां," ते म्हणाले. "कागदार तुमचां, आणि मी कधी नाय म्हणूक नाय. माका त्या घरात एकच काम आसा. वर्साक एक दीस. तां काढून घेतलास तर मी येव कसो? पावणो म्हणान?"

जाऊबाई बियांकडे बघत होत्या. माझ्यापाशी जे होते ते सगळे हुकांविषयी होते.

तुमचे आजोबा आता सांगतात की त्यांनी मोठे भाषण केले. केले नाही. ते उठले, भावोजींच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले आणि बिया पसरायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "ती खोली तशीच ठेवूया. बाकीच्यार स्लॅब घालू, तिच्यार कौलां."

भावोजी म्हणाले, "आणि सांधो गळलो तर?"

"गळू दे."

"तू पुसतलंस?"

"मी पुसतलंय."

हे मात्र खरे आहे, अक्षरशः. मी तिथे होते.

परतताना बसमध्ये मला एकच वाटत होते, की कंत्राटदाराला हे सांगायचे कसे. त्याने कपाळाला हात लावला. स्लॅब आणि कौलारू छप्पर यांच्या सांध्यात पाणी शिरणारच, असे त्याने बजावले. मुकादमाला मात्र आनंद झाला. तो लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले. शर्ट काढून खुंटीला अडकवायला गेले, तर भिंतीवर खुंटीच नव्हती. त्यांनी तो आजोबांच्या हातात दिला. शिडीवर चढून तुळया ठोकून पाहिल्या. एक खणखणीत वाजली. दुसरी आतून पोकळ निघाली. बोट लावले तर भुगा गळला. म्हणजे चौकट उतरवायला हवीच होती. त्यांनी नारळ वाढवला, गाऱ्हाणे घातले. आम्ही सारे खाली उभे, मुकादमाची माणसेही टोप्या काढून उभी. गाऱ्हाण्यात त्यांनी देवाला सांगितले, की घर नवे होत आहे, वेळ नसताना सोडतो आहे, मानून घे. लेकरांना सुखी ठेव, परदेशात आहेत त्यांनाही. ते तुम्ही. तुम्ही त्या वेळी झोपला होतात.

मग गाठी सोडायला बसले. केवणीच्या सालीच्या दोऱ्या वर्षभरात काठीसारख्या कडक झाल्या होत्या. पाणी लावून मऊ करायच्या, नखाने उचकायच्या, मग ओढायच्या. कोणी पक्कड पुढे केली तर ती त्यांनी परत दिली. शेवटच्या गाठीला त्यांनी तुमच्या आजोबांना वर बोलावले आणि चौकटीचे दुसरे टोक धरायला सांगितले. दोन म्हातारे दोन शिड्यांवर, मधे ती चौकट, आणि खालून जाऊबाई, "सांभाळून हां, दोघेय खाली आयलात तर चवथ हॉस्पिटलात करूची पडात." चौकट अंगणात तुळशीपाशी ठेवली. जवळून पाहिली तेव्हा ती मला फार लहान वाटली.

पोकळ तुळईच्या जागी नवी हवी होती. वखारीतली आणू म्हणून मी चौकशी करत होते. आठवड्याने एक टेंपो दारात थांबला आणि त्यातून फणसाची एक तासलेली तुळई उतरली. मुळगावच्या परसात वादळाने पडलेला फणस भावोजींनी कापून ठेवला होता, स्वतःच्या घराच्या दारांसाठी. ती पिवळीजर्द तुळई वर चढली, जुन्या काळ्या तुळईच्या शेजारी. पहिली काही वर्षे त्या दोघी अगदी परक्या दिसायच्या.

त्या वर्षी चवथीला घर पुरते तयार नव्हते. भिंतींना रंग नव्हता, स्वयंपाकघराला दार नव्हते, तिथे चादर लावली होती. पाने मात्र सगळी उठली. सांधा पहिल्याच पावसात गळला होता आणि तुमचे आजोबा बादली आणि फडके घेऊन बसत होते. भावोजी स्टुलावरून म्हणाले, "खाली काम कसां चलता, साहेब?" आजोबा म्हणाले, "पगार वाढवा." सगळे हसले. मी स्वयंपाकघरात होते, चादर बाजूला करून बघितले.

पुढे बरीच वर्षे असेच गेले. नंतर भावोजींचे गुडघे गेले. ते खाली खुर्चीत बसून सांगायचे आणि त्यांचा मुलगा, तुमचा काका, वर चढून बांधायचा. त्याच्या गाठी त्यांना कधी पसंत पडल्या नाहीत. ज्या वर्षी ते गेले त्या वर्षी सुतकामुळे चवथ झाली नाही. माटोळी बांधली नाही, सोडलीही नाही. त्यांनी सांगून बांधून घेतलेल्या गाठी दोन वर्षे तशाच राहिल्या.

बाळांनो, जुन्या घरातले पुष्कळ गेले. मातीच्या भिंतींवर सिमेंट चढले, जनेलांच्या जागी सरकत्या काचा आल्या, सोप्यावर आता ग्रिल आहे आणि तिथे कोणी टेकत नाही. सासूबाईंचे ठसे माझ्या फोनमध्ये आहेत, भिंतीवर नाहीत. चांगलेही झाले आहे. पावसात आम्ही कोरडे झोपतो, हे मी नाकारणार नाही.

गणपती एकच आहे. चवथीच्या आदल्या दिवशी तुमचा काका मुळगावहून मोटरसायकलवर येतो, हाताने गाठी सोडतो आणि नव्या बांधतो. जाऊबाई खुर्चीत बसून त्याला नावे ठेवतात. यंदाही तो आला होता.